बारवेवरून उठून गेलेले आजोबा

पत्र : ताई, मी 27 वर्षांची आहे. नोकरी पुण्यात, गाव परभणी जिल्ह्यात. गावाबाहेर जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. मला आठवतं तेव्हापासून ती बाभळी आणि कचऱ्यानं बुजलेलीच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गावातली आणि बाहेर राहणारी मुलंमुली जमलो, झाडोरा तोडला, वरवरचा गाळ काढला. वाटलं होतं, म्हातारी माणसं खूश होतील, जुन्या आठवणी सांगतील, आपण व्हिडिओ करू. आले मोजकेच. त्यातले एक आजोबा सांगत होते, बारव अहिल्याबाईंनी बांधली. आमच्यातला एक मुलगा इतिहास शिकतो. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "नाही आजोबा, ही यादवकालीन आहे." आजोबा उठले, ते परत आले नाहीत. आता पारावर आमची टिंगल चालते, 'पोरं रील काढायला आली होती.' माझी आजी म्हणते, 'त्या बारवेचं नाव माझ्यापुढं काढू नको.' कारण सांगत नाही. एका वस्तीतली मुलं बोलावूनही आली नाहीत. सरपंच मात्र जोरात आहेत : निधी आणू, पेव्हर ब्लॉक बसवू, रंग देऊ, लाइटिंग करू. महाशिवरात्रीला वारसा महोत्सव करावा आणि त्यात ज्येष्ठांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असं आमच्या ग्रुपमध्ये ठरतंय. त्यानं दोन पिढ्यांतला दुरावा कमी होईल का? की त्यांचा नाद सोडून आपलं काम करत राहावं? – एक वाचक

उत्तर :

महोत्सव नको आणि सत्कारही नको. निदान यंदा तरी नको. शाल खांद्यावर पडली की म्हातारा माणूस खुर्चीत बसतो, फोटो निघतो, आणि त्याच्याकडून आता काही नको आहे हे त्याला नीट कळतं. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना ते आधीच कळलं असावं. तुम्ही त्यांना बोलावलंत ते ऐकवायला आणि ऐकायला, कामाचं विचारायला नाही. आणि ही बारव तुमच्यासाठी 'वारसा' असेल, त्यांच्यासाठी ती पाणी भरण्याची जागा होती. रोजच्या कामाच्या जागेबद्दल कुणी एकदम भारावून बोलायला लागलं की माणसाला अवघडल्यासारखंच होतं.

आधी त्या आजोबांचं बोलू, कारण गाठ तिथे बसली आहे.

तुझा मित्र बहुधा बरोबर असेल. मराठवाड्यातल्या बऱ्याच बारवा यादवकाळातल्या किंवा त्याच्या आगेमागे बांधलेल्या मानल्या जातात. त्यानं वाचलंही असेल की जुन्या शिल्पग्रंथांत एका बाजूनं उतरायची वाट असलेली ती नंदा, दोन बाजूंनी भद्रा, तीन बाजूंनी जया आणि चारही बाजूंनी विजया. छान आहे हे, त्यानं शिकत राहावं. पण महाराष्ट्रात कुठल्याही गावात विचार, बारव एक तर पांडवांनी एका रात्रीत बांधलेली असते, नाहीतर अहिल्याबाईंनी. याला अडाणीपणा समजू नये. अहिल्याबाईंनी देशभर विहिरी, घाट, बारवा बांधल्या आणि जुन्या दुरुस्त केल्या, हे खरंच आहे. पाण्याचं काही चांगलं दिसलं की लोक ते त्यांच्या नावावर जमा करतात, यात त्या बाईंबद्दलचा शेकडो वर्षांचा आदर आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटेच्या विहिरीसारखा शिलालेख सगळ्यांच्या नशिबी नसतो. तिथे लिहिलेलंच आहे म्हणून आपण छातीठोक सांगतो की ती विरूबाई भोसल्यांनी बांधवली, 1719 ते 1724 या काळात. तुमच्या बारवेवर असा लेख सापडला नसेल तर तुझ्या मित्राचा 'यादवकालीन' हादेखील कोरीवकामावरून काढलेला अंदाजच आहे. चांगला अंदाज, पण अंदाज.

आणि अंदाज बरोबर असला तरी चार पोरांसमोर म्हाताऱ्याला खोडून काढायची गरज नव्हती. बारव कुणी बांधली हे आजोबांना माहीत नसणारच; ते काही तेव्हा हजर नव्हते. पण ते 75 वर्षांचे असतील असं धर. म्हणजे त्यांच्या लहानपणी मोट, बैलांनी ओढून पाणी वर काढायची ती मोठी पखाल, चालू होती. ऑइल इंजिन आणि विजेचा पंप गावात येईपर्यंत पाणी मोटेनंच वर यायचं. बैल धावेवरून, म्हणजे काठालगतच्या उतारावरून, खाली गेले की मोट भरून वर, मागे सरकले की पुन्हा पाण्यात. नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर कसा, सोंदूर म्हणजे तिच्या सोंडेचा बारीक दोर कसा, मोट रिकामी होते त्या थारोळ्यातून पाणी पाटाला कसं लागायचं, उन्हाळ्यात बैल किती वेळानं सोडायचे, हे त्यांनी अंगानं केलेलं आहे किंवा बापाला करताना पाहिलेलं आहे. तुझ्या मित्राला नंदा-भद्रा माहीत आहे, पण तुमच्या बारवेला धाव कुठल्या बाजूला होती हे त्याला सांगता येईल का? बारवेच्या काठाचे दगड नीट पाहा. मोट चालत असेल तर नाड्यानं घासून पडलेल्या खाचा कुठेतरी दिसतील. त्या दिसल्या की त्याच मुलानं, एकट्यानं, आजोबांच्या घरी जावं. माफीचं भाषण नको. 'आजोबा, दगडाला खाचा पडल्यात, त्या नाड्याच्या का? आणि धाव मग कुठून होती?' एवढंच विचारावं. आजोबा त्या दिवशी बोलतील असं नाही. पण दुसऱ्या दिवशी काठी घेऊन बारवेकडे फिरकतील, अशी माझी अटकळ आहे. तू मध्यस्थ म्हणून सोबत जाऊ नकोस. उठून जायला लावलं त्यानं, बोलवायचंही त्यानंच.

'जुन्या काळाबद्दल काहीतरी सांगा' हा प्रश्न तर कुणालाच विचारू नका. त्याला कुणीच उत्तर देऊ शकत नाही. मलाही कुणी विचारलं तर मी चहा टाकायला उठेन. नेमकं विचारा, आणि पाण्याचं विचारा. 'बहात्तरच्या दुष्काळात बारवेत पाणी होतं का?' हा एक प्रश्न मराठवाड्यात साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला विचारून बघ. मग रेशनवर मिळालेला मिलो, ती लाल ज्वारी, निघेल, दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी निघेल, खडी फोडायला गेलेल्या बाया निघतील, गुरं कवडीमोल किमतीत विकली ते निघेल. आणि त्यातूनच कळेल की पाणी कितव्या पायरीपर्यंत खाली गेलं होतं, तळाशी झरा कोणत्या कोपऱ्यात आहे, तो कधी आटला का. हे कौतुकानं ऐकून सोडून द्यायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तळाचा गाळ काढाल तेव्हा झऱ्याच्या तोंडावर दगडमाती सारून तो बुजवायचा नसेल तर ही माहिती लागेल. ती कुठल्याही वेबसाइटवर नाही, त्यांच्याकडेच आहे. म्हाताऱ्या माणसाला आपण उपयोगी आहोत हे सांगून कळत नाही. त्यानं दाखवलेल्या कोपऱ्यात खोदल्यावर पाणी लागलं की कळतं.

आता आजी.

तिचं कारण मला माहीत नाही आणि तूही ते तिच्याकडून ओढून काढू नकोस. पण बारवेकडे पाठ फिरवायला त्या पिढीतल्या बाईकडे काय काय कारणं असू शकतात, ते तुला माहीत हवं.

एक कारण नारू. तुझ्या पिढीनं हा शब्दसुद्धा ऐकला नसेल. पायऱ्यांनी उतरून भरायच्या पाण्यातूनच हा रोग पसरायचा. ज्याच्या पायात नारू झालाय तो माणूस पाण्यात पाय घालायचा, फोड फुटून अळ्या पाण्यात जायच्या, त्या सूक्ष्म जलकीटकांत वाढायच्या, आणि तेच पाणी गाळल्याशिवाय पिणाऱ्याच्या अंगात वर्षभरानं हातभर लांबीचा किडा तयार व्हायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. मध्येच तुटला तर पाय सडायची वेळ यायची. ऐन पेरणीत माणसं खाटेला खिळायची. आपल्या देशात 1983-84 पासून नारूविरुद्ध मोठी मोहीम झाली. पायविहिरी बंद केल्या, कुठे पायऱ्या बुजवून कठडे बांधले, पाण्यात औषध टाकलं, हापसे बसवले. शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. म्हणजे जी बारव तुम्हाला 'दुर्लक्षित' वाटते, ती कदाचित दुर्लक्षानं बंद पडलेली नाही. गावानं शहाणपणानं, आजारपण भोगून झाल्यावर, तिच्याकडे जाणं सोडलं असेल. गावात निवृत्त आरोग्य सेवक किंवा जुनी दाई असेल तर हे विचारा. तुमच्या सगळ्या व्हिडिओंत मला बघावासा वाटणारा व्हिडिओ हा असेल.

दुसरं कारण जास्त जड आहे. आपल्याकडे 'तिनं विहीर जवळ केली' असं म्हणतात, आणि ते बाईबद्दलच म्हणतात. किती गावांतल्या किती बारवांत किती सुना गेल्या, याची नोंद कुठल्या पाटीवर नसते. आजीची बहीण असेल, जाऊ असेल, मैत्रीण असेल. नसेलही. तिला विचारू नकोस. तिच्यासमोर बारवेचे फोटो फिरवणं मात्र बंद कर, आणि दुपारी तिच्याजवळ बसत जा, दुसरंच काही बोलत. बारवेच्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड असतील तर त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. बायकांचं बारवेशी नातं त्यांच्या भोवतीनं असतं. अनेक गावांत बाळंतीण सव्वा महिन्यानं विहीर पुजायला जायची. तुझ्या आईच्या वेळी, तुझ्या वेळी कुणी कुठली विहीर पुजली, हे आजीला विचारता येईल, कारण ते तुझ्याबद्दल आहे. त्यावर ती बोलली तर बोलली. नाही बोलली तर तो तिचा हक्क. प्रत्येक आठवण पुढच्या पिढीच्या हवाली झालीच पाहिजे असा काही नियम नाही, आणि हे मी 'मौखिक इतिहास' वगैरे शब्दांवर प्रेम करणारी बाई असूनही सांगते आहे.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू मध्येच, ओझरतं लिहिलं आहेस. एका वस्तीतली मुलं आली नाहीत. कोणती वस्ती ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे आणि तुलाही असावा. त्या बारवेत उतरायला त्यांच्या आज्या-पणज्यांना परवानगी होती का? की घागर घेऊन वर उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर लांबून ओतलेलं पाणी घेऊन जायचं? बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तो हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला 1937 उजाडलं. आणि खेड्यापाड्यांतल्या विहिरी त्यानंतरही कितीतरी वर्षं तशाच राहिल्या. त्या वस्तीत जाऊन 'आपला सामायिक वारसा जपायला या' म्हणणं म्हणजे त्यांनी कधी न प्यायलेल्या पाण्याचा गाळ त्यांच्याकडून उपसून घेणं. मुलं आली नाहीत हे मला तरी साहजिक वाटतं.

मग काय करायचं? तिथे जायचं, पण आमंत्रण घेऊन नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी पाणी कुठून आणलं, कुणाची विहीर, किती लांब, हे विचारायला जायचं. ज्यांनी ते सोसलं ती माणसं अजून आहेत, पण फार काळ नसतील. त्यांनी सांगितलेलं बारवेच्या माहितीत येणार असेल, तेही पहिल्या परिच्छेदात, 'काही अप्रिय प्रथा' अशा गुळगुळीत शब्दांत नव्हे, तरच ती बारव गावाची म्हणता येईल. पारावरच्या काही मंडळींना हे आवडणार नाही. 'कशाला जुनं उकरता' म्हणतील. गंमत बघ, पायऱ्या उकरल्या तेव्हा कुणी असं म्हटलं नव्हतं. इथे मात्र वाद झाला तरी माघार घेऊ नकोस. पिढ्या जोडायच्या म्हणून प्रत्येक म्हाताऱ्याच्या प्रत्येक मताला मान हलवायची असं मी सांगत नाहीये.

आणि बारवेत कचरा कुणी टाकला? आजोबांनी नाही. नळ आला, हापसा आला, बारवेची गरज संपली, तेव्हा टोपल्या रिकाम्या करणारी पिढी तुझ्या आई-बाबांची. पन्नाशीतली ही माणसं तुझ्या पत्रात कुठेच नाहीत. सगळे 'ज्येष्ठ आणि तरुण' असंच बोलतात. पण ट्रॅक्टर, ट्रॉली, पंप, दोर, ग्रामपंचायतीतली खुर्ची, सगळं याच लोकांच्या ताब्यात आहे. त्यांना भावनिक आवाहन करत बसू नका, सरळ ट्रॉली मागा.

सरपंचांचा उत्साह हे तुमच्यासमोरचं खरं संकट आहे. पेव्हर ब्लॉक, ऑइल पेंट आणि सिमेंटनं जितक्या बारवा बिघडल्या तितक्या बाभळींनी बिघडल्या नसतील. जुनं दगडी बांधकाम एक तर नुसतं दगडावर दगड बसवून केलेलं असतं किंवा चुन्यात. त्यातून ओल आत-बाहेर होत राहते. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगड फुगून सुटतात. रंग दिला तर कोरीवकामाच्या खाचा भरून जातात आणि तुझ्या मित्राला काळ ठरवायला काही उरत नाही. आत जेसीबी तर घालूच देऊ नका. पिंपळाची मुळं सांध्यात गेली असतील तर ओढून काढू नका, दगडही सोबत येतात. आधी काय राखायचं ते जाणकाराकडून ठरवून घ्या. बारव संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का, हे राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे लेखी विचारा. असेल तर परवानगीशिवाय एक दगडही हलवता येत नाही. गाळात मूर्ती, नाणी, काहीही निघालं तर पंचनामा करून तहसीलदारांना कळवा. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, आणि मूर्ती परस्पर उचलून देवळात बसवण्याचा मोह गावाला होतोच.

इथे तुम्हाला म्हाताऱ्यांची खरी गरज आहे, आणि तीही भावनिक नाही. सरपंच तुमचं ऐकणार नाहीत. तुम्ही दोन दिवसांनी पुण्याला जाणार हे त्यांना माहीत आहे. पण ग्रामसभेत ते उठून गेलेले आजोबा आणि आणखी पाच-सहा जुनी माणसं उभी राहून म्हणाली, 'बारवेला सिमेंट लावायचं नाही,' तर तो ठराव होतो. दगडकाम करणारे वडार समाजातले कुणी जुने कारागीर जवळपास असतील तर त्यांना ग्रामसभेआधी बारवेत उतरवून दाखवा. दगड कुठल्या खाणीतला, कुठला सुटलाय, कुठला नुसता सुटल्यासारखा दिसतोय, हे ते हातानं ठोकून सांगतील. त्यांना मजुरी द्या, शाल नको. तुझ्याच जिल्ह्यातल्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी श्रमदानानं मोकळी केली आहे. आजोबांना, कारागिरांना आणि सरपंचांना एका गाडीत घालून तिथे घेऊन जा. जाताना गाडीतच अर्धं काम होईल. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेतली माणसंही स्थळनोंद कशी करायची ते सांगू शकतील.

रील काढण्याबद्दल तुम्ही उगाच ओशाळला आहात. काढा. फक्त आधी ज्याचा आवाज आहे त्याला दाखवा, 'हे टाकू का' विचारा, नाही म्हणाले तर पुसून टाका. आणि मूळ रेकॉर्डिंग पूर्ण ठेवा, तीस सेकंदांपुरतं कापलेलं नव्हे. त्यावर माणसाचं नाव, वय, तारीख लिहून एक प्रत शाळेत द्या, फोन बदलला की सगळं जातं. अजून एक, दिसायला याचा बारवेशी संबंध नाही. गावात राहणाऱ्या तुमच्या मुलांनी म्हाताऱ्यांची बँकेची केवायसी, हयातीचा दाखला, श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचे अर्ज ही कामं करून द्यायला सुरुवात करावी. ट्रायपॉड घेऊन जाणाऱ्या मुलापेक्षा अंगठा न उमटणाऱ्या आजीला तालुक्याला नेऊन आणणाऱ्या मुलाला जास्त गोष्टी ऐकायला मिळतात, आणि त्या त्याला विचाराव्या लागत नाहीत.

महाशिवरात्रीला बारवेत दिवे लावायला माझी हरकत नाही. अलीकडे बऱ्याच ठिकाणी लावतात आणि दिसतंही सुरेख. पण स्टेज, माइक, पाहुणे नकोत. पहिला दिवा कुणी लावायचा यावर भांडण होणार असेल, आणि तू वर्णन केलेल्या गावात ते होईल, तर सरळ सगळ्यांनी आपापल्या घरून पणती आणावी. तळाचा गाळ मात्र एप्रिल-मे मध्येच निघेल, पाणी सगळ्यात खाली असताना. तेव्हा रजा शिल्लक ठेव. शाल, श्रीफळ, मंडप आणि फ्लेक्ससाठी जमवलेले पैसे असतील त्यातून घमेली, जाड दोर आणि हातमोजे घ्या, आणि कारागिरांची मजुरी बाजूला काढून ठेवा.